‘हॅमर अँड टाँग्ज’ : एका आरोपपत्राच्या भाषांतराचं प्रकरण

मी इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करते. त्यातलं बरंचसं कारखान्यांचं असतं: सुरक्षेच्या सूचना, नियमावल्या, कधी चौकशीचे कागद. हे प्रकरण त्यातल्याच एका कागदाचं आहे. माणसं आणि कारखाना ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. ज्या वाक्यांवरून घोटाळा झाला, ती मात्र अर्थाला धक्का न लावता ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतला फोर्जिंगचा, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून आकार देण्याचा, कारखाना. भट्टीत सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला पोलादाचा तुकडा, म्हणजे बिलेट, ऑपरेटरने टाँगने उचलायचा, खालच्या डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा आणि वरून हॅमर पडू द्यायचा. इथे हॅमर म्हणजे यंत्र. टाँग म्हणजे लांब दांड्यांची सांडशी, ती ऑपरेटरच्या हातात शिफ्टभर असते. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दुपारी तीनला शिफ्ट बदलत असताना एक लॉट रिजेक्ट झाल्यावरून सुपरवायझर आणि एक जुना ऑपरेटर यांच्यात जुंपली. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमधून प्लॅनिंगच्या एका अधिकाऱ्याने ते पाहिलं. हे गृहस्थ महाराष्ट्राबाहेरचे, शिक्षण सगळं इंग्रजीतून, मराठी कामापुरतं. संध्याकाळी त्यांनी एचआरला चार वाक्यांचा ईमेल पाठवला. त्यातलं दुसरं वाक्य असं होतं की सुपरवायझर आणि ऑपरेटर दोघे दहा मिनिटं ‘वेंट ॲट इट हॅमर अँड टाँग्ज’ (हा इंग्रजी वाक्प्रचार, अर्थ: कडाक्याचं भांडले) आणि तेवढा वेळ लाइन बंद राहिली.

एचआरमधल्या एका कारकुनाने हा ईमेल भाषांतराच्या ॲपमध्ये घातला. बाहेर आलं: ‘ते दोघे हातोडा आणि चिमटा घेऊन एकमेकांवर तुटून पडले.’ कंपनी कामगारावर कारवाई करताना देते त्या आरोपपत्राचा छापील नमुना ‘तुम्ही’ने सुरू होतो, कारण ते एकाच माणसाला द्यायचं असतं. कारकुनाने वाक्य नमुन्यात बसवलं आणि अंतिम मजकूर झाला: ‘तुम्ही हातोडा व चिमटा घेऊन सुपरवायझर यांच्या अंगावर धावून गेलात.’

ऑपरेटर त्याच आठवड्यात निलंबित झाला. निलंबनाच्या काळात निम्मा पगार.

माझ्याकडे काम आलं ते

माझ्याकडे आरोपपत्र आलंच नाही. आला तो ऑपरेटरचा खुलासा, वहीच्या कागदावर हाताने लिहिलेला, दीड पान. मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात, म्हणून तो इंग्रजीत करून हवा होता. सुरुवातीला त्याने आरोपपत्रातलं ते वाक्य उतरवून घेतलं होतं. त्याखालच्या काही ओळी:

‘माझ्या हातात टाँग होती हे खरं आहे. माझं कामच टाँगचं आहे, ती मी कुठे ठेवणार. हातोडा घेतला असं लिहिलं आहे. हातोडा म्हणजे आपला हॅमर म्हणत असाल तर तो दीड टनाचा आहे, तो कोणाला उचलत नाही. सुपरवायझर साहेबांनी मला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. मीपण उलट बोललो, ते माझं चुकलं.’

पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं. दुसऱ्यांदा वाचताना हसू गेलं. माणूस प्रामाणिकपणे लिहितोय की टाँग हातात होती. आरोपपत्रात ‘चिमटा’ आहे. म्हणजे मुख्य कार्यालयात बसलेल्या माणसाला, ज्याने फोर्जिंग शॉप कदाचित पाहिलेलंही नाही, हा अर्धा कबुलीजबाब वाटणार. आणि तो इंग्रजीत मीच लिहून देणार होते.

अडचण कुठे होती

हातोडा आणि चिमटा, याच क्रमाने, एकाच वाक्यात. भाषांतराचं काम करणाऱ्याच्या कानाला हे लगेच खटकतं. मराठीत कोणी हाणामारीचं वर्णन असं करत नाही. काठी, गज, पाना, दगड, हे येतं. चिमटा घेऊन अंगावर धावून जाणारा माणूस मी तरी मराठी तक्रारीत पाहिलेला नाही. शिवाय त्या शॉपमध्ये चिमट्याला कोणी चिमटा म्हणत नाही. तो शब्द स्वयंपाकघराचा. म्हणजे आरोप लिहिणाऱ्याने तो शॉपमधल्या कोणाकडून ऐकलेला नव्हता, दुसऱ्या भाषेतून उचलला होता.

पण मग इतके दिवस तो कोणाला खटकला का नाही? कारण त्या शॉपमध्ये या दोन्ही वस्तू खरोखर आहेत. इंग्रजीत ‘टूथ अँड नेल’ असाही एक वाक्प्रचार आहे, दात-नखांनी लढण्याचा. त्याचं असं शब्दशः भाषांतर झालं असतं तर एचआरमधल्या कोणीही हे काहीतरी चुकलंय म्हणून बाजूला ठेवलं असतं. मिठाईच्या कारखान्यात हातोडा-चिमटाही पकडला गेला असता. फोर्जिंग शॉपमध्ये मात्र चूक आजूबाजूच्या सामानात मिसळून गेली.

आणि प्रकरण खात्यांतर्गत राहील याची खात्री नव्हती. सुपरवायझर पोलिसांत जाण्याची भाषा करत होता. धोकादायक हत्याराने दुखापत करणं हा पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ३२४ खाली येणारा गुन्हा आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये येतो, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुखापत इथे कोणालाच झाली नव्हती. पण ‘हत्यार’ हा शब्द एकदा कंपनीच्या शिक्क्याखाली आला की पुढचे कागद त्याच्यामागून चालायला लागतात.

वाक्प्रचाराचं मूळ, आणि त्यातला ‘इट’

हा वाक्प्रचार लोहाराच्या पडवीतला आहे. लोखंड भट्टीतून बाहेर आलं की थंड व्हायला लागतं. पिवळट नारिंगी रंग असेपर्यंत ते घावाला वळतं, रंग काळपट लाल झाला की पुन्हा आगीत घालावं लागतं. पातळ तुकडा असेल तर हाती फार थोडा वेळ असतो. म्हणून एका हाताने सांडशीत घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने दणादण घाव घालायचे. घाई, जोर आणि आवाज या तिन्ही गोष्टी त्या चित्रात आहेत, आणि वाक्प्रचाराच्या अर्थातही त्याच तीन आल्या. इंग्रजी छापील मजकुरात तो किमान १७०८ पासून, म्हणजे इंग्लंडमध्ये ॲन राणीचं राज्य असल्यापासून सापडतो, आणि तेव्हाही लाक्षणिक अर्थानेच: आता तुझ्यावर पूर्ण ताकदीने येतोय, अशा थाटात.

पुढे त्याच्या दोन-तीन वाटा झाल्या. झपाटून काम करणं ही एक. दोघांचं कडाक्याचं, आवाजी भांडण ही दुसरी, आणि ‘गो ॲट इट’ म्हटलं की बहुधा हीच. तिसरी आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांची आवडती: अमुक नेता तमुक पक्षावर ‘हॅमर अँड टाँग्ज’ गेला, म्हणजे त्याने एकतर्फी सडकून टीका केली. क्रिकेटच्या बातम्यांत फलंदाजही गोलंदाजांवर असेच जातात. कुठल्याही वाटेवर हातात खरं हत्यार नसतं.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो त्यातला ‘इट’. मूळ चित्रात हातोडा आणि सांडशी एकमेकांचे शत्रू नाहीत. दोन्ही एकाच लोहाराच्या हातात आहेत आणि घाव पडतो तो लोखंडावर. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेलं घिसाड्याचं कुटुंब ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच दिसेल: पुरुष सांडशीने लालभडक फाळ ऐरणीवर धरून बसलेला, समोर उभी राहून बाई घण घालतेय. दोन माणसं, दोन अवजारं, मार खाणारी वस्तू तिसरीच. ‘वेंट ॲट इट’ म्हणताना इंग्रजी वाक्य दोघांना सारख्याच बाजूला उभं करतं. कोणी कोणावर चाल केली, हे ते सांगतच नाही.

त्याच पडवीतून मराठीनेही शब्द उचलले, फक्त वेगळे. प्रश्न ‘ऐरणीवर’ येतो. नेता विरोधकांवर ‘घणाघात’ करतो. घणाघाती टीका वाचून कोणी पोलिसांना फोन करत नाही, कारण ती आपली भाषा आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. आलेलं दीड पान भाषांतरित करायचं आणि बिल लावायचं. मला आरोपपत्र तपासायला कोणी सांगितलं नव्हतं. या व्यवसायात ‘मागितलं तेवढंच’ हा नियम वाईट नाही, तो बऱ्याच भानगडींपासून वाचवतो.

दुसरा, भाषांतराच्या खाली टीप द्यायची: आरोपातली शब्दरचना इंग्रजी वाक्प्रचाराचं शब्दशः रूप असण्याची शक्यता आहे. पण मूळ वाक्य मी पाहिलेलंच नव्हतं. अंदाजावर टीप देणं म्हणजे एका चुकीवर दुसरी रचणं. कुणी सांगावं, एखाद्या साक्षीदाराने खरोखरच हातोडा पाहिला असेल.

तिसरा, खुलाशाच्या इंग्रजीतच थोडं सावरून घ्यायचं: टाँग ‘कामाचं अवजार म्हणून’ हातात होती, असं स्पष्ट करायचं. मोह झाला, खोटं का बोलू. पण ऑपरेटरने ते आपल्या शब्दांत सांगितलंच होतं. त्याच्या तोंडी माझे शब्द घालणं हे कारकुनाने केलं त्याच जातीचं काम झालं असतं, फक्त हेतू चांगला.

चौथा, एचआरला फोन करून मूळ वाक्य मागायचं. मी हा निवडला.

काय केलं

“मॅडम, आरोपपत्र ज्यावरून केलंत तो इंग्रजी मजकूर बघायला मिळेल का?”

“ते गोपनीय आहे हो.”

“पूर्ण ईमेल नको. हातोडा-चिमटा जिथे आहे ते एकच वाक्य वाचून दाखवा.”

त्यांनी वाचलं. मी अर्थ सांगितला. पलीकडे काही क्षण शांतता.

“म्हणजे त्याने मारलं नाही?”

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. ‘नाही मारलं’ म्हणणं सोपं होतं आणि त्या माणसाच्या भल्याचंही वाटत होतं. पण ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “मारलं की नाही ते मला कसं कळणार? या वाक्यात मारल्याचं, धावून गेल्याचं, हातात काही असल्याचं लिहिलेलं नाही, एवढंच मी सांगू शकते. आणि वाक्य दोघांबद्दल आहे, एकाबद्दल नाही.”

दुसरा क्षण लगेच आला. मॅडम म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. आम्ही ते पान बदलून घेतो. तारीख तीच ठेवू, त्याची सही पुन्हा घेऊ.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, भानगड लवकर मिटवायची होती. पण ऑपरेटरने त्याच पानाला उत्तर दिलं होतं. आरोप गुपचूप बदलला तर त्याचा खुलासा हवेत लटकणार: दीड टनाचा हॅमर उचलला नाही, हे तो कशाबद्दल सांगतोय, कोणालाच कळणार नाही. आणि ‘टाँग हातात होती’ एवढंच वाक्य शिल्लक राहणार. मी म्हटलं, जुनं आरोपपत्र मागे घेतल्याचं लेखी द्या आणि नवं नव्या तारखेचं काढा. त्या दिवशी हो-नाही काहीच ठरलं नाही. रात्री मी अर्ध्या पानाची टिपण ईमेलने पाठवली: मूळ वाक्प्रचार, त्याचा अर्थ, मराठी मजकुरात झालेले दोन फरक. पहिला अवजारांचा. दुसरा कर्त्याचा, ‘दोघे’चं ‘तुम्ही’ झालं तो.

मग प्रश्न आला ईमेल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला काय विचारायचं. एचआरने मसुदा केला: ‘तुम्हाला फक्त शाब्दिक वाद म्हणायचा होता ना?’ असं विचारलं की कोणीही हो म्हणतो. मी सुचवलं की वाक्प्रचाराचं नावही काढू नका. तुम्ही कुठून पाहिलंत, काय दिसलं, काय ऐकू आलं, दोघांच्या हातात काय होतं, एवढं विचारा. त्यांचं उत्तर आलं ते कोणाच्याच फारसं सोयीचं नव्हतं. काचेमुळे ऐकू काही आलं नाही. दोघे हातवारे करत होते. कोणी कोणाला हात लावलेला दिसला नाही. टाँग होती की नव्हती, लक्ष नव्हतं. आणि शेवटी एक ओळ: हा वाक्प्रचार असा कोणी वाचेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

राहिला मराठी शब्द. इथे मी अपेक्षेपेक्षा जास्त अडले. ‘तुटून पडले’ बाद, कारण त्यात अंगावर जाणं आलं. ‘हातघाईवर आले’ तर सरळ मारामारीच. ‘घणाघात’ लोहाराच्याच घरचा, पण एकतर्फी, आणि फोर्जिंग शॉपच्या कागदावर घण आणणं म्हणजे पुन्हा तोच खड्डा. ‘आग पाखडली’ भट्टीशेजारी लिहायची सोयच नाही. ‘खडाजंगी’ अर्थाने अगदी बरोबर बसत होता: दोघांची, आवाजी, तोंडी. बातमीत किंवा गोष्टीत मी डोळे झाकून तोच वापरला असता. पण त्या शब्दात लढाईचा वास आहे, आणि या कागदावरून एकदा अर्थाचा अनर्थ झालेला होता. शेवटी नव्या आरोपपत्रासाठी दिलं ते रंग नसलेलं वाक्य: ‘तुमच्यात व सुपरवायझर यांच्यात सुमारे दहा मिनिटे मोठ्या आवाजात वादावादी झाली व त्या काळात लाइन बंद राहिली.’

खुलाशाचं इंग्रजी करताना तीच गंमत उलट्या बाजूने भेटली. ‘धारेवर धरलं’. सवय म्हणून ॲपमध्ये टाकून पाहिलं, तर सुपरवायझरने ऑपरेटरला पात्याच्या धारेवर धरल्याचं बाहेर आलं. तसंच गेलं असतं तर दोघांवरही हत्याराचा आरोप बसून हिशोब बरोबरीत सुटला असता. मी ‘सर्वांसमोर कठोर शब्दांत जाब विचारला’ अशा अर्थाचं लिहिलं. धार गेली, अर्थ राहिला.

काय निष्पन्न झालं

पहिलं आरोपपत्र लेखी मागे घेतलं गेलं. निलंबन बाराव्या दिवशी उठलं आणि कापलेला निम्मा पगार पुढच्या महिन्यात जमा झाला. नव्या आरोपपत्रात आरडाओरड आणि काम खोळंबवणं एवढंच राहिलं. त्याचा शेवट ताकीदपत्रावर झाला. सुपरवायझर पोलिसांत गेला नाही.

एक गोष्ट मात्र पूर्ण सुधारली नाही. मधल्या दिवसांत शिफ्टमधल्या एका हेल्परचा जबाब घेतला होता, तोही जुनं मराठी आरोपपत्र वाचून दाखवून. त्याने सांगितलं होतं, “हो, टाँग घेऊनच उभा होता.” त्याने डोळ्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं, पण प्रश्न ज्या कागदावरून आला त्याने उत्तराला वळण दिलं. चौकशी अधिकाऱ्याने तो जबाब विचारात घेतला नाही, फाइलमध्ये तो अजून आहे.

पुन्हा असं काम आलं तर

टिपण आधी, फोन नंतर. फोनवर अर्थ सांगितला आणि पाच मिनिटांत पान बदलण्याची गोष्ट निघाली. लेखी पहिल्यांदा गेलं असतं तर ती निघाली नसती. चौकशीच्या कागदाचं काम घेताना आता मी सुरुवातीलाच सांगते की उत्तराचं भाषांतर हवं असेल तर प्रश्नही दाखवा.

कर्त्याच्या मुद्द्यावर मी कमी जोर दिला, हे मला नंतर लागून राहिलं. हातोडा-चिमट्याची चूक सगळ्यांना दिसली, कारण ती सांगायला मजेदार आहे. ‘दोघे’चं ‘तुम्ही’ झालं ती चूक कुठल्याच ॲपने केली नव्हती, नमुन्याच्या कागदाने केली होती, आणि ती शेवटपर्यंत जवळजवळ तशीच राहिली. नव्या वाक्यात मी ‘तुमच्यात व सुपरवायझर यांच्यात’ असं लिहिलं. पण पत्र पुन्हा एकालाच गेलं. टिपणातल्या दुसऱ्या मुद्द्याचं काय झालं असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, “तो प्रशासनाचा विषय आहे, ताई.” भाषांतरकार म्हणून माझी हद्द तिथे संपते हे मान्य आहे. मुद्दा पहिल्या क्रमांकावर लिहिणं मात्र हद्दीत होतं. मी तो दुसऱ्यावर लिहिला.

नव्या आरोपपत्राला ऑपरेटरने दिलेलं उत्तरही भाषांतराला माझ्याकडेच आलं. या वेळी दीड पान नव्हतं, दोन ओळी होत्या: ‘मोठ्याने बोललो हे कबूल आहे. साहेबही तेवढ्याच मोठ्याने बोलले, ते कोणाच्या कागदावर आहे?’